अंगणांतली माती आणि मुलांचे हात

मूल मातींत खेळलें म्हणजे काटक होतें, ही आपल्या लोकांची जुनी समजूत आहे, व ती खोटी आहे असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. उघड्या हवेंत धूळमाती अंगावर घेत वाढलेलें मूल कोंदट खोलींत जपून ठेवलेल्या मुलापेक्षां बहुधा अधिक तरतरीत असतें. उभा जन्म शाळेच्या पटांगणाकडे पाहण्यांत घालविलेल्या आमच्यासारख्या शिक्षकानें तरी हें नाकारूं नये. परंतु माती सर्वत्र सारखी नसते. जिच्यावर दिवसभर ऊन तापलें ती माती, आणि सुपारीच्या गर्द सावलींत सदा ओली राहिलेली व कुत्र्यामांजरांनीं आपलें शौचस्थान केलेली माती, या दोहोंत फार अंतर आहे. तें अंतर डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणूनच त्याविषयीं लिहिणें अवश्य वाटतें.

लिहिण्यास निमित्त झालें तें एका वाचक भगिनीच्या पत्राचें. श्रीवर्धनाकडे त्यांचें मोठें एकत्र कुटुंब आहे; घरांत सात मुलें. मागील पडवींत, जेथें जळाऊ लाकडें रचलेलीं असतात तेथें, गांवची एक कुत्री व्याली. मुलें पिलांस क्षणभर सोडीत नाहींत. आजेसासूबाईंचें म्हणणें, पिलें पोत्यांत घालून दूर कोठें तरी सोडून यावीं. थोरल्या दिरांचें म्हणणें, मुक्या जिवांस असें टाकून देणें हें पाप आहे. शिवाय कुत्रीस लस टोचलेली असल्यामुळें भीतीचें कारण नाहीं. ‘दोघेंहि वडील, मीं कोणाचें ऐकावें?’ असा या भगिनीचा प्रश्न आहे. आमचें उत्तर असें कीं, दोघांच्याहि म्हणण्यांत कांहीं तथ्य आहे व दोघांचेंहि म्हणणें अपुरें आहे. तें कसें, हें कळण्यास आधीं रोगाचें स्वरूप कळलें पाहिजे.

कुत्रें म्हटलें कीं आपल्यापुढें त्याचे दांत उभे राहतात. पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश प्राणघातक आहे, आणि त्यावरील लस ही मोठीच सोय आहे, यांत शंका नाहीं. पण ती लस कुत्र्याच्या पोटांतील जंतांस कांहींच करीत नाहीं. कुत्र्याच्या आंतड्यांत टॉक्झोकॅरा नांवाचा एक लांबट पांढरट जंत राहतो. मांजरांत त्याचाच भाऊबंद असतो. नवल हें कीं, कुत्र्याचें पिलूं हा जंत बहुधा आईच्या पोटांतूनच घेऊन येतें. कुत्रीच्या शरीरांत निजून राहिलेल्या अळ्या ती गाभण झाली म्हणजे जाग्या होतात आणि गर्भांत शिरतात. कांहीं पुढें दुधावाटे जातात. त्यामुळें पिलूं तीन आठवड्यांचें होतें न होतें तोंच त्याच्या विष्ठेंतून जंतांचीं अंडीं पडूं लागतात. जंताची एक मादी दिवसास लाखभर, कधीं दोन लाखांपर्यंत अंडीं घालते. पिलाचें पोट टम्म दिसलें म्हणजे मुलें ‘कसें गुबगुबीत आहे’ म्हणून कौतुक करतात. पुष्कळदां तें दुधाचें पोट नसतें, जंतांचें असतें.

आतां या प्रकरणांतील मुख्य गोष्ट सांगतों. ताजी विष्ठा किळसवाणी खरी, पण या जंतापुरतें पाहिलें तर ती अजून निरुपद्रवी असते. अंडीं बाहेर पडल्यावर त्यांच्या आंत अळी तयार होण्यास उबदार व ओल्या मातींत साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. तोंपर्यंत ती विष्ठा पावसानें वाहून, पायांखालीं तुडवली जाऊन मातींत मिसळून जाते. पाहणारा म्हणतो, जागा स्वच्छ झाली. वस्तुतः भय तेथून पुढें सुरू होतें. घाण दिसते तोंवर ती बाधत नाहीं, आणि बाधूं लागते तेव्हां ती दिसत नाहीं, एवढें एक सूत्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. हीं अंडीं चिवट आहेत. सोयीची जागा मिळाल्यास मातींत वर्षानुवर्षें टिकतात. फिनेल, चुना किंवा शेणाचा सडा यांनीं तीं मरत नाहींत. त्यांस मारक अशा गोष्टी दोनच, कडक ऊन व कोरडेपणा एक, आणि उकळतें पाणी दुसरी. आणि आपल्या किनारपट्टीवर आषाढापासून आश्विनापर्यंत पहिलीची वानवाच असते.

अशा मातींत खेळून मूल घरांत येतें व तसेंच लाडवास हात घालतें. अंडें पोटांत जाऊन फुटतें, अळी बाहेर पडते. परंतु माणूस हें तिचें नेहमींचें घर नव्हे, म्हणून ती तेथें वाढून जंत होऊं शकत नाहीं. वाट चुकलेल्या पांथस्थाप्रमाणें ती यकृतांत, फुप्फुसांत, क्वचित् डोळ्यांत किंवा मेंदूंत भटकत राहते. बहुतेक मुलांस यापासून कांहीं जाणवत नाहीं, हें आधींच सांगून टाकतों, नाहीं तर हा लेख वाचून आयांच्या तोंडचें पाणी पळावयाचें. कांहींस मात्र रेंगाळणारा ताप, खोकला, घरघर, पोटदुखी अशीं लक्षणें होतात व यकृत वाढतें. डोळ्यांत अळी गेली तर बहुधा एकाच डोळ्याची दृष्टि मंदावते. लहान मुलास तें सांगतां येत नाहीं, कारण दुसऱ्या डोळ्यानें त्याचें काम चाललेलें असतें. डोळा तिरपा होऊं लागला किंवा बुबुळांत पांढरी झांक दिसली म्हणजे घरच्यांचें लक्ष जातें. १९५० सालीं अमेरिकेंत हेलेनॉर वाइल्डर या विदुषीनें, डोळ्यांतील कर्करोग वगैरेंच्या संशयावरून काढून टाकलेले ४६ डोळे सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले, तेव्हां त्यांतील २४ डोळ्यांत तिला कृमींच्या अळ्या अथवा त्यांच्या खुणा सांपडल्या. दोनच वर्षांनीं, १९५२ त, न्यू ऑर्लीन्स येथें पॉल बीव्हर व त्यांचे सहकारी यांनीं लहान मुलांच्या यकृताचा असाच एक विकार कुत्र्यामांजरांच्या जंतांच्या अळ्यांपासून होतो हें दाखविलें. तेव्हांपासून हा रोग वैद्यांच्या पूर्ण ओळखीचा झाला आहे. अळी माणसांत जंत होत नसल्यामुळें मुलाची विष्ठा तपासून हा रोग सांपडत नाहीं. तो रक्ताच्या परीक्षेनें ओळखावा लागतो. एका मुलापासून दुसऱ्या मुलासहि तो लागत नाहीं.

दुसरा शत्रु तोंडावाटे न येतां पायांवाटे येतो. कुत्र्यामांजरांच्या पोटांत अंकुशकृमि नांवाचे बारीक, रक्त पिणारे जंत असतात. त्यांचीं अंडीं उबदार, ओल्या, सावलीच्या वाळूंत एकदोन दिवसांत फुटतात, आणि आठवडाभरांत त्यांतील अळ्या त्वचेंतून आंत शिरण्याइतक्या तयार होतात. अनवाणी पाऊल, किंवा वाळूवर बसलेल्या मुलाची मांडी मिळाली कीं त्या आंत घुसतात. परंतु माणसाच्या कातडीखालीं फार खोल जाण्याचें सामर्थ्य त्यांस नसल्यामुळें वरच्या वरच वळणें घेत फिरतात. त्वचेवर तांबडी, फुगीर, नागमोडी रेघ उठते, ती दिवसादिवसाला पुढें सरकते, आणि रात्रीं खाजेनें मुलाची झोंप उडते. हिला कोणी नागीण म्हणेल, कोणी गजकर्ण म्हणेल व त्यावर लेप थापील; पण नागीण जागची हलत नाहीं आणि गजकर्ण गोल वाढतें, पुढें सरकणारी रेघ ती हीच. कांहीं आठवड्यांनीं ती आपोआप जिरते. तथापि खाजवून व्रण चिघळतो, म्हणून वैद्यास दाखवावें हें उत्तम. त्यावर चांगलें औषध आहे.

आतां हीं लक्षणें मनांत ठेवून आपल्या भागाकडे पाहा. हा जिल्हा पूर्वीं कुलाबा म्हणून ओळखला जात असे व १९८१ पासून रायगड झाला. मांडवा, किहीम, अलिबाग, नागांव, रेवदंडा, काशीद, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन ते हरिहरेश्वर एवढा हा वाळूचा कांठ मुलांच्या खेळण्यास ईश्वरानेंच दिलेला आहे. त्यांतील जी वाळू भरतीच्या पाण्यानें रोज दोनदां धुवून निघते, ती फारशी भयावह नाहीं. भय आहे तें भरतीच्या रेषेच्या वर, सुरूच्या बनाखालच्या मऊ वाळूचें. तेथें ऊन पोंचत नाहीं, लाट पोंचत नाहीं. मुंबईहून येणारे प्रवासी तेथेंच बसून फराळ करतात, उष्टें तेथेंच टाकतात, आणि त्या उष्ट्यावर पोसलेलीं कुत्रीं तेथेंच घाण करतात. आपण मात्र मुलांस सांगतों, ‘पाण्याकडे जाऊं नका, झाडांखालीं खेळा’! लाटेचें भय खरें आहे, त्यास मोठें माणूस बरोबर पाहिजे; पण किल्ले बांधावयाचे ते ओहोटीनंतरच्या ओलसर, घट्ट वाळूंत बांधावेत, सुरूच्या बनांत नव्हे. बनांत शिरतांना पायांत वहाणा असाव्यात व बसावयास चटई असावी.

जी गोष्ट बनाची तीच आपल्या वाडीची. नारळीपोफळीच्या वाडींत पाटाचें पाणी खेळतें, आळीं ओलीं असतात, सावली दाट असते. सुपारीस जें मानवतें तेंच दुर्दैवानें अंकुशकृमीसहि मानवतें. शिंपणें करणाऱ्या गड्यानें आणि त्याच्यामागें धांवणाऱ्या मुलानें अनवाणी हिंडावें, ही रीत आतां सोडली पाहिजे.

तिसरी जागा वाचकांच्या मनांतहि येणार नाहीं अशी आहे. हल्लीं गांवोगांवीं बांधकामें चालू असतात आणि रस्त्याकडेला रेतीचे ढीग पडलेले असतात. मुलांस तो ढीग म्हणजे पर्वणी. पण मांजरासहि ती पर्वणीच, कारण मांजर घाण करून ती उकरलेल्या वाळूंत पुरतें. त्याची ही टापटीपच आपणांस फसविते, वरून कांहीं दिसत नाहीं. मांजराच्या विष्ठेंतून टॉक्झोप्लाझ्मा नांवाचा आणखी एक सूक्ष्म जीव बाहेर पडतो. तो एक ते पांच दिवसांत बाधक होतो व ओल्या मातींत वर्षभरहि टिकूं शकतो. निरोगी माणसास त्यापासून बहुधा पडसें-तापापलीकडे त्रास नाहीं. परंतु गरोदर स्त्रीस तो प्रथमच लागला तर गर्भास अपाय होण्याचा संभव असतो. सबब घरांत सून किंवा माहेरपणास आलेली लेक दोन जिवांची असेल, तर मांजराची घाण काढण्याचें व बागेंत माती खुरपण्याचें काम दुसऱ्या कोणीं तरी उचलावें, आणि कच्ची खावयाची भाजी, कोथिंबिरीसुद्धां, चांगली धुऊन घ्यावी. एकत्र कुटुंबाचा उपयोग अशा वेळीं नाहीं तर केव्हां?

आमच्या जुन्या ग्रंथकारांस सूक्ष्मदर्शक ठाऊक नव्हता, पण विचाराची दिशा त्यांस ठाऊक होती. चरकसंहितेच्या विमानस्थानांत कृमींचे वीस प्रकार सांगून त्यांवर तीन उपाय दिले आहेत: अपकर्षण, म्हणजे कृमि बाहेर काढणें, प्रकृतिविघात, म्हणजे त्यांस पोषक असलेली स्थिति मोडणें, आणि निदानपरिवर्जन, म्हणजे मूळ कारणच टाळणें. आजच्या शास्त्रास यांत फिरवाफिरव करण्याचें कारण नाहीं. पिलास जंतांचें औषध देणें हें अपकर्षण, जागा कोरडी व उन्हाची ठेवणें हा प्रकृतिविघात, आणि मुलाचे हात धुणें हें निदानपरिवर्जन.

बाहेरून येतांच पाय धुवावे, जेवणाआधीं हात धुवावे, हा आपल्या घरांचा नियम होता. तो ओसरीवरच्या घंगाळाबरोबर गेला. जें टिकावयाचें तें गेलें, आणि जें कधींच नसावयास हवें होतें तें फार काळ टिकलें. आपल्या समाजानें शतकानुशतकें माणसांची शिवाशीव पाळली. तो घोर अन्याय होता, आणि त्यानें एकहि रोग टळला नाहीं. शिवाशीव पाळावयाचीच तर ती मळक्या हाताची आणि तोंडाची पाळावी.

आतां श्रीवर्धनच्या भगिनींस उत्तर. आजेसासूबाईंस भय वाटतें तें रास्त आहे, पण पिलें दूर सोडल्यानें भय जात नाहीं. तें दुसऱ्याच्या अंगणांत जातें, आणि आपल्या अंगणांतली माती आहे तशीच राहते. दिरांची दयाहि रास्त आहे, पण शिळी पोळी टाकून मोकळें होणें ही दया अर्धी झाली. महाभारताच्या आरंभीं सरमेच्या निरपराध पिलास जनमेजयाचे भाऊ मारतात, तेव्हां ती देवशुनी त्याला अदृष्ट भय येईल असें बजावते. आणि त्याच ग्रंथाच्या शेवटीं धर्मराज कुत्र्यास मागें टाकून स्वर्गांत जाण्याचें नाकारतो. कुत्र्याची हेळसांड केली तर अदृष्ट भय, आणि त्यास सोबत नेलें तर धर्म, या दोन टोकांमध्यें आपल्या पडवीचाहि प्रश्न आला. तेव्हां पिलें ठेवावींत, पण पुढील गोष्टी कराव्यात.

(१) जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत विचारून पिलांस जंतांचें औषध सुरू करावें: पिलूं दोन आठवड्यांचें झाल्यापासून दर दोन आठवड्यांनीं, आठव्या आठवड्यापर्यंत, पुढें सहा महिन्यांचें होईपर्यंत दरमहा, नंतर वर्षांतून चार वेळां. कुत्रीसहि त्याच वेळीं द्यावें. मांजराच्या पिलास तिसऱ्या आठवड्यापासून आरंभ करावा. मात्रा वजनावर असते, ती पशुवैद्यानेंच ठरवावी.

(२) विष्ठा रोजच्या रोज फावडीनें उचलावी. जंत शिजण्यास पंधरा दिवस लागतात. रोज उचलणाराच्या हातून ते कधींच शिजत नाहींत. ती विहिरीपासून व भाजीच्या वाफ्यांपासून दूर खोल खड्ड्यांत पुरावी. शेणखतांत मिसळूं नये.

(३) पिलांची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून वेगळी, कोरडी व उन्हाची करावी. लाकडांचा ढीग तेथून हलवावा.

(४) मुलांस पिलांशीं खेळण्याची बंदी करूं नये, ती पाळली जाणार नाहीं. त्याऐवजीं खेळ संपतांच साबण लावून वाहत्या धारेखालीं हात धुण्याची सक्ति करावी. बाटलींतील हात पुसण्याचें द्रव्य येथें पुरेसें नाहीं. अंडीं चिकट असतात, तीं चोळून धुऊनच काढावीं लागतात. नखें दर आठवड्यास काढावींत. माती खाण्याची खोड असलेल्या मुलास वैद्यास दाखवावें.

(५) २०१५ पासून देशांत जंतनाशक दिन पाळला जातो व शाळा-अंगणवाड्यांतून मुलांस अल्बेंडाझोलची गोळी मिळते. ती अवश्य द्यावी; परंतु ती माणसाच्या जंतांसाठीं आहे. वर सांगितलेलीं लक्षणें दिसल्यास तिच्यावर विसंबूं नये. वैद्याकडे जावें, आणि घरांत पिलें आहेत हें त्यांस आपण होऊन सांगावें.

राहतां राहिला गांवाचा भाग. आपण आपलें अंगण राखलें तरी मुलें समुद्रावर जाणार, शाळेच्या पटांगणावर जाणार. न्यूयॉर्क शहरांत १९७८ पासून कुत्र्याच्या मालकानें रस्त्यावरील घाण स्वतः उचललीच पाहिजे असा कायदा अंमलांत आला. आरंभीं लोकांनीं त्याची थट्टा केली, पुढें तो अंगवळणीं पडला. आपल्याकडे बहुतेक कुत्र्यांस मालकच नाहीं, म्हणून तें काम सर्वांवर येतें. सर्वोच्च न्यायालयानें २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशांत, पकडलेलीं भटकीं कुत्रीं निर्बीज करून, लस टोचून व जंतांचें औषध देऊन, पिसाळलेलीं व आक्रमक सोडून बाकीचीं, मूळ जागीं सोडावींत, आणि त्यांस खाऊं घालण्यास ठराविक जागा असाव्यात, असें सांगितलें. कुत्र्यांवरील वादांत दोन्ही पक्ष तावातावानें बोलतात, पण त्या आदेशांतील ‘जंतांचें औषध’ या शब्दांकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. ज्यांस कुत्रीं नकोत त्यांनीं आणि ज्यांस हवींत त्यांनीं, दोघांनींहि आपल्या नगरपरिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे एवढी एक मागणी एकमुखानें करण्यास हरकत नसावी. समुद्रकांठीं उष्टें टाकण्यास झांकणाच्या पेट्या असाव्यात, ही दुसरी मागणी.

दिवाळी जवळ आली कीं घरोघरीं मुलें किल्ला बांधूं लागतील. रायगडच्या मुलांनीं किल्ला बांधूं नये असें कोण म्हणेल? पण त्यासाठीं माती आणावयाची ती गटाराकांठची किंवा पडवीमागची नसावी; उघड्या जागची, उन्हांत दोनतीन दिवस पसरून वाळविलेली असावी. रात्रीं किल्ल्यावर एक जुनें पोतें किंवा फळी झांकावी, म्हणजे शिवरायांच्या सिंहासनामागें मांजर चढाई करणार नाहीं. बुरूज रचून झाले, हळीव पेरून झालें, म्हणजे सगळी सेना विहिरीवर किंवा नळावर न्यावी, कोपरांपर्यंत हात धुववावे, आणि मगच चकलीचा डबा उघडावा. डब्याची किल्ली त्या दिवसांत आजीकडे असावी, म्हणजे हा नियम मोडण्याची कोणाची छाती होणार नाहीं.